थोरामोठ्यांचे वाडवडील

श्रोतेहो, तुमचे पणजोबा कोण, असे विचारले तर बहुतेकजण नाव सांगतील. पण पणजी कोण? तिचे माहेर कुठले? इथे पुष्कळांची वाट अडते. अशाच प्रश्नांवर परदेशात दूरचित्रवाणीचे मोठे लोकप्रिय कार्यक्रम उभे राहिले. ते पाहून लोक रडले, हसले आणि रागावलेही. ते का, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीने २००४ साली ‘हू डू यू थिंक यू आर?’ हा कार्यक्रम सुरू केला. आपल्या भाषेत म्हणायचे तर, ‘तुम्ही स्वतःला समजता तरी कोण?’ रीत साधी. एखादा नामवंत नट, खेळाडू किंवा निवेदक घ्यायचा, त्याला जुनी दप्तरे दाखवायची आणि कागद वाचताना त्याचा चेहरा टिपायचा. इंग्लंडात जन्म, लग्न व मृत्यू यांची सरकारी नोंद १८३७ पासून आहे, आणि १८४१ च्या शिरगणतीपासून घरोघरच्या माणसांची नावे मिळतात. म्हणून हे साधते.

२००६ साली जेरेमी पॅक्समन यात आले. भल्याभल्या पुढाऱ्यांना घाम फोडणारा हा मुलाखतकार. ग्लासगोतल्या त्यांच्या गरीब पणजीला लग्नाबाहेर मूल झाले, म्हणून तिला मिळणारी मदत बंद झाली होती. तो कागद वाचताना पॅक्समन यांच्या डोळ्यांना पाणी आले. अशा वेळी पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकजण म्हणतो, ‘ही तर माझ्याच आजीची कथा.’ दुसरा म्हणतो, ‘जुन्या काळी गरिबी होती, यात नवल ते काय?’ दोघांचेही खरे. पण गरिबी होती हे ऐकणे वेगळे, आणि आपल्याच माणसाचे नाव त्या कागदावर वाचणे वेगळे.

राजेरजवाड्यांची मात्र लोकांना फार हौस. २०१६ साली डॅनी डायर या नटाचे नाते चौदाव्या शतकातल्या तिसऱ्या एडवर्ड राजाशी जुळले, आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. आता जरा हिशेब करू या. आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. दर पिढीला दुप्पट. दहा पिढ्या मागे १,०२४ आणि वीस पिढ्या मागे दहा लाखांच्या वर! अर्थात तीच माणसे पुनःपुन्हा येतात, कारण नात्यागोत्यात लग्ने होतात. तरी एवढ्या गर्दीत एखादा राजा निघाला, तर त्यात चमत्कार नाही. दुर्मिळ काय, तर तो कागदोपत्री सापडणे. याउलट खाणकामगाराचे पुत्र मायकेल पार्किन्सन यांनी २००९ साली सांगितले, की आपले घराणे फार नीरस निघाले म्हणून त्यांचा भागच सोडून देण्यात आला. पहा, कष्टाने जगलेली माणसे कथेत बसली नाहीत!

खरा वाद अमेरिकेत झाला. तिथल्या ‘फाइंडिंग युअर रूट्स’ या कार्यक्रमाचा बेन ॲफ्लेक या नटावरील भाग २०१४ साली दाखवला गेला. त्याचा एक पूर्वज गुलाम बाळगणारा होता. ती गोष्ट गाळावी अशी विनंती त्याने केली होती, आणि दाखवलेल्या भागात ती आली नाही. एप्रिल २०१५ मध्ये एका कंपनीची पत्रे उघड झाली आणि हे बाहेर आले. लोक संतापले. आपल्याला लाज वाटली होती, असे त्याने कबूल केले. पीबीएस या वाहिनीने चौकशी करून कार्यक्रमाचे पुढचे पर्व लांबणीवर टाकले.

आता तुम्ही म्हणाल, घरची लाज झाकली, त्यात एवढे काय? तर ऐका. अमेरिकेत १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावे बहुधा लिहिलीच नाहीत. मालकाच्या नावाखाली नुसते वय, लिंग आणि वर्ण. १८७० पासून त्यांची नावे रीतसर येऊ लागली. त्यामुळे आजच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला त्यामागे जायचे, तर धागा लागतो तो मालकाच्या मृत्युपत्रात नि खरेदीखतात. मालकाचे नाव झाकले, तर केवळ एका घरची लाज झाकली जात नाही. दुसऱ्याच्या घरची वाटही बुजते.

हे आपल्यालाही लागू आहे, बरं का. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, गावचे जन्ममृत्यूचे दप्तर, फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर, यांत आपली माणसे आहेत. जुना मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. वाचणारे थोडे उरले आहेत. ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त छापला गेला, त्यांची नावे टिकली. ज्यांना लिहू-वाचू दिले गेले नाही, त्यांची तोंडी राहिली. सांगणारी म्हातारी गेली की तीही जातात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलू द्या. आजीचे नाव, तिचे माहेर, कुणी कुठल्या दुष्काळात गाव सोडले, कुणी गिरणीत राबले, हे वहीत लिहू द्या. पूर्वज मोठा होता का, हे विचारू नका, आणि मुलाला सांगायचे नसेल ते वर्गात वाचायला लावू नका. पूर्वजाच्या पराक्रमाचे श्रेय आपले नाही, तसा त्याच्या पापाचा दोषही आपला नाही. पण खरे ते लपवले, तर तो दोष मात्र आपला.