हसू परत आलं!

हेल्मेट डिकीत आणि मी रस्त्यावर! स्कूटीवरून पडले, कानामागे मार लागला. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला, तोंड वाकडं झालं, डावा डोळा मिटेना. चूळ भरली की पाणी ओघळायचं. "तोंडावरून वारं गेलं," शेजारीण हळहळली.

डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद वाटेनं जाते. सुजेनं ती दबलीय, तुटलेली नाही." सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि बजावलं, "डोळा जपा, कोरडा पडला तर बुबुळाला जखम होईल." दिवसा थेंब, रात्री मलम नि पट्टी. दुखावलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिने लागणारच!

इतरजणींना धीर देणारी मी, बचत गटाच्या बैठका टाळून पदराआड तोंड लपवत होते. शेवटी बायकांनी माझ्याच ओसरीवर बैठक भरवली. हिशेबाचा घोळ झाला आणि मी खुदकन हसले. वाकडंच! कुणी नजर चुकवली नाही.

चौथ्या महिन्यात आरशासमोर व्यायाम करताना गाल किंचित हलला. लेक ओरडली, "आई, परत कर!" अजून हसू थोडं तिरकंच आहे, पण लपवत नाही.

मैत्रिणींनो, हेल्मेट मात्र डोक्यावरच हं!