इन्शुलिनची कुपी किती दिवस पुरेल?

नागपूरचा लकडगंज भाग लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. नावच ते सांगते. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या आणि ताज्या भुशाचा वास ही या वस्तीची जुनी ओळख. समजा, तेथील एका आरागिरणीत तुम्हाला कोणी विचारले, "१२ इंच जाडीच्या चौरस ओंडक्यातून १ इंच जाडीच्या किती फळ्या निघतील?" तुम्ही झटकन म्हणाल, १२. गिरणीतला मिस्त्री मात्र १० म्हणेल, आणि त्याचेच उत्तर बरोबर असेल. करवतीचे पाते प्रत्येक कापात थोडे लाकूड खाते. समजा, एका कापात १/८ इंच लाकडाचा भुसा होतो. मग ११ फळ्यांसाठी १० काप, म्हणजे एकूण १२ १/४ इंच लाकूड लागेल. तेवढे आहे कुठे?

आता आरागिरणीतून बाहेर पडा आणि जवळच्या एखाद्या औषधाच्या दुकानात चला. तेथे मधुमेही रुग्णांना इन्शुलिन देताना औषधनिर्माता असेच गणित करीत असतो. त्यातही 'भुसा' असतो. पण इथे उत्तर चुकले तर एखादी फळी कमी पडत नाही. एखाद्याचा जीव धोक्यात येतो.

युनिट म्हणजे काय?

आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होते. रक्तातील साखर पेशींत शिरण्यासाठी ते आवश्यक असते. काही मुलांच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलांना रोज बाहेरून इन्शुलिन द्यावे लागते. ते पोटातून दिले तर इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. म्हणून टोचावे लागते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून मिळवले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले.

सुरुवातीचे इन्शुलिन शुद्ध नव्हते. त्यामुळे नुसत्या वजनावरून त्याची ताकद कळेना. मग ठराविक सशाच्या रक्तातील साखर ठराविक पातळीपर्यंत उतरवण्यास किती इन्शुलिन लागते, यावरून 'युनिट' ठरवले गेले. आजच्या शुद्ध मानवी इन्शुलिनचे १ युनिट म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम. सशांची गरज आता उरलेली नाही, पण युनिट हे माप टिकून आहे.

साधा भागाकार

भारतात इन्शुलिनच्या कुपीवर बहुधा '४० युनिट प्रति मिलिलिटर' असे लिहिलेले असते. कुपी १० मिलिलिटरची असली, तर तिच्यात ४०० युनिट आले.

समजा, एका आजींना डॉक्टरांनी सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट लिहून दिले आहेत. रोजचे ३६ झाले. ४०० ला ३६ ने भागा : ११ दिवस आणि बाकी ४. ही बाकी एका पूर्ण मात्रेलाही पुरत नाही. ३० दिवसांना १,०८० युनिट, म्हणजे २.७ कुप्या हव्यात. दुकानात ०.७ कुपी मिळत नाही, म्हणून ३ कुप्या द्यायच्या. शाळेत आपण २.३ चे २ करतो. इथे ते चालत नाही. उत्तर २.१ आले तरी पुढची पूर्ण संख्या घ्यायची.

पेनमधला भुसा

आता इन्शुलिनचे पेन घेऊ. त्यातले औषध अधिक तीव्र असते : १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट. पेनमध्ये ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात.

समजा, १३ वर्षांची एक मुलगी रोज तीन वेळा, जेवणापूर्वी ६-६ युनिट घेते. (रात्रीचे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन ती दुसऱ्या पेनातून घेते, ते तूर्त बाजूला ठेवू.) उन्हाळ्याच्या सुटीत ती ३० दिवसांसाठी मावशीच्या गावी निघाली आहे. किती पेन बरोबर द्यावेत? रोजचे १८ युनिट, दोन पेनांत ६००. भागाकार सांगतो, ३३ दिवस. म्हणजे २ पेन पुष्कळ झाले!

थांबा. दरवेळी नवी सुई लावल्यावर आधी सुमारे २ युनिट हवेत सोडून पाहायचे असतात. सुईतील हवा निघून जाते आणि पेन नीट चालते याची खात्री पटते. हाच करवतीचा भुसा! म्हणजे एका वेळी ६ नव्हे, तर ८ युनिट खर्च होतात. ३०० ला ८ ने भागले की एका पेनात ३७ पूर्ण मात्रा. दोन पेनांत ७४. रोज ३ याप्रमाणे २४ दिवस पूर्ण होतील, २५व्या दिवशी सकाळचे व दुपारचे जेवण निभेल आणि रात्रीच्या जेवणापूर्वी पेन रिकामे होईल. गावात ते इन्शुलिन लगेच मिळेलच असे नाही. अशा मुलांना इन्शुलिन मिळाले नाही, तर थोड्याच काळात रक्तात आम्ल साठू लागते आणि रुग्णालय गाठावे लागते. तेव्हा पेन द्यायचे ते ३. एखादे जास्तीचेही बरोबर असावे. पेन हातातून पडून फुटूही शकते.

दोन मर्यादा

तिसरे उदाहरण पाहा. एका गृहस्थांना रोज फक्त ८ युनिट लागतात. ४०० भागिले ८, म्हणजे ५० दिवस. पण हेही उत्तर चूक! कुपीच्या रबरी बुचातून एकदा सुई आत गेली की कुपीची दुसरी मुदत सुरू होते. बऱ्याच प्रकारांसाठी ती २८ दिवसांची असते, काहींसाठी ६ आठवड्यांची. औषधासोबतच्या पत्रकात ती दिलेली असते. २८ दिवसांत २२४ युनिट वापरले जातील आणि उरलेले १७६ टाकून द्यावे लागतील. ८४ दिवसांसाठी भागाकार २ कुप्या सांगेल, पण लागतील ३.

यातून नियम असा निघतो : औषध किती दिवस पुरेल ते काढा, उघडल्यावर किती दिवस टिकेल ते पाहा, आणि दोहोंपैकी लहान संख्या धरा. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवायची ती यासाठीच.

लाल टोपण, नारिंगी टोपण

कुप्यांबरोबर सिरिंजही द्याव्या लागतात. ४० युनिटच्या इन्शुलिनसाठी लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटसाठी नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० चा आकडा म्हणजे अर्धा मिलिलिटर. तिच्यात चुकून १०० युनिटचे इन्शुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात किती जाईल? ५० युनिट! अडीचपट मात्रेने रक्तातील साखर इतकी उतरू शकते की रुग्ण बेशुद्ध पडेल. उलट चूक झाली तर २० ऐवजी ८ च युनिट जातील आणि साखर चढत राहील. म्हणून चांगला औषधनिर्माता कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहिल्याशिवाय पिशवी हातात देत नाही.

नागपूरचा उन्हाळा

तुम्ही म्हणाल, मग सरळ सहा महिन्यांचा साठा घरी का ठेवू नये? इन्शुलिन हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर घट्ट होतो, कारण प्रथिनाच्या रेणूंची घडी उष्णतेने विस्कटते. इन्शुलिनचेही तसेच होते, पण ते वरून स्वच्छ दिसत असतानाही निकामी झालेले असू शकते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याजवळ त्या ठेवू नयेत. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी पुन्हा कामाचे राहत नाही.

फ्रिज नसेल तर वापरातील कुपी मातीच्या माठाच्या आधाराने जपता येते. एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या ओल्या वाळूवर पाणी शिंपडत राहायचे आणि कुपी आतल्या मडक्यात कोरडी ठेवायची. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ही युक्ती छान साधते. ऑगस्टच्या दमट हवेत पाणी हळूहळू उडते आणि गारवा कमी पडतो. मडक्यात फ्रिजएवढी थंडी मात्र कधीच येत नाही; महिनोन् महिन्यांचा साठा त्यात ठेवता येणार नाही.

दुकानदारालाही हाच पेच असतो. समजा, रोज ४ कुप्या खपतात आणि घाऊक दवाबाजारातून माल यायला २ दिवस लागतात. आणखी ३ दिवसांची बेगमी धरली, तर ४ × ५ = २० कुप्या उरताच नवी मागणी नोंदवायला हवी. आणि ज्या कुपीची मुदत आधी संपते, ती आधी विकायला हवी.

इन्शुलिनची मात्रा डॉक्टरच ठरवतात. त्यात आपण बदल करायचा नाही. पण ते किती दिवस पुरेल, हे गणित तुम्हीही करू शकता. घरी किंवा शेजारी कोणी इन्शुलिन घेत असेल, तर त्यांना हे गणित जरूर करून दाखवा.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी : सकाळी १६ आणि रात्री १२ युनिट, ४०० युनिटच्या कुप्या, उघडल्यावर मुदत २८ दिवस. ६० दिवसांसाठी किती कुप्या लागतील? आणि आठवड्यातून एकदाच टोचायच्या एखाद्या औषधाच्या पेनात ४ मात्रा असतील, तर वर्षाला १२ पेन पुरतील का?

(उत्तरे : ५ कुप्या. नाही, १३ पेन लागतील. कारण ५२ आठवडे भागिले ४ म्हणजे १३.)