धुरा आणि बोंडअळी

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हे तालुक्याचे गाव आहे. नेर परसोपंत असेही त्यास म्हणतात. गावाभोवती काळी, ओल धरून ठेवणारी जमीन पसरलेली आहे. तीत तूर पिकते, सोयाबीनही पिकते. परंतु वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे येथील शेतकऱ्याचा जीव गुंतलेला असतो तो कपाशीत. पावसाने जमीन भिजली की सरकी टोबली जाते, दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे उकलू लागतात, आणि वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या पांढऱ्या कापसाने भरून जातात. मुलांचे कपडे, घराची डागडुजी, बहिणीचे लग्न, उसनवारीची फेड, हे सारे त्या ओटीतल्या कापसावर अवलंबून असते.

एक शेत दुसऱ्यापासून वेगळे करणारा जो बांध, त्याला वऱ्हाडात धुरा म्हणतात. धुरा हातभर इकडे सरकला की तिकडे, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो आणि प्रकरणे कचेरीपर्यंत जातात. ज्याचे शेत त्याचे पीक, त्याचा नफा आणि त्याचेच नुकसान, अशी माणसाची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे नखाएवढ्या एका किड्याने कापूस पिकविणाऱ्या मुलखास दाखवून दिले आहे. तो किडा म्हणजे शेंदरी बोंडअळी.

या किड्याची ओळख जुनी आहे. भारतातून पाठविलेल्या नमुन्यांवरून साँडर्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४३ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. त्याचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा व अगदी लहान असून तो रात्रीच हिंडतो. मादी कपाशीच्या पात्याफुलांवर व कोवळ्या बोंडांवर शंभराहून अधिक अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते, आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. मग बाहेरून पाहणाऱ्यास बोंड हिरवेगार व निरोगी दिसते. आत मात्र अळी सरकी खात असते. असे बोंड नीट उकलत नाही. उकललेच तर कापूस कवडीसारखा घट्ट व पिवळट निघतो. अळी फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींस चिकटतात व फूल मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसू लागते. शेतकरी त्यास डोमकळी म्हणतात. दिसायला ती सुंदर असते, पण जाणत्याच्या पोटात तिला पाहून गोळा उठतो.

अळी एकदा बोंडात शिरली म्हणजे वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा विष बाहेरून मारण्याऐवजी ते झाडाच्या अंगातच असले तर? या कल्पनेचा उगम फार दूरच्या देशांत झाला. जपानमध्ये रेशमाचे किडे एका रोगाने मरत असत. इशिवाता या शास्त्रज्ञाने १९०१ साली त्या रोगाचा जंतू शोधून काढला. पुढे जर्मनीत, थुरिंगिया प्रांतातून आलेल्या पिठातल्या मेलेल्या अळ्यांत बर्लिनर यास तसाच जंतू सापडला व त्या प्रांताचे नाव जंतूस मिळाले. हा जंतू जे प्रथिन तयार करतो ते काही जातींच्या अळ्यांच्या आतड्यास घातक ठरते. अमेरिकेतील प्रयोगशाळांनी ते प्रथिन बनविण्याचा गुण कपाशीच्या झाडात उतरविला. तीच बीटी कपाशी होय. भारतात तिच्या लागवडीस २००२ साली परवानगी मिळाली, आणि २००६ पासून एकाऐवजी दोन प्रथिने असलेले वाण आले. जपानातला रेशीमकिडा आणि नेरची पऱ्हाटी यांचा संबंध हा असा आहे!

आरंभीची वर्षे चांगली गेली. बोंडे निरोगी राहू लागली व बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या कमी झाल्या. परंतु शास्त्रज्ञांना एक भय पहिल्यापासून होते. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला हे विष पचते. बाकीच्या मेल्या, ही जगली; आणि तिची गाठ तशाच दुसऱ्या जगलेल्या किड्याशी पडली, तर त्यांची सारी प्रजा विष पचविणारी निपजेल. मग ते बियाणे काय कामाचे?

यावर सुचविलेला उपाय ऐकताना विचित्र वाटतो. शेताच्या कडेने साध्या, बिनविषारी कपाशीच्या काही ओळी पेराव्यात आणि तेथे अळ्यांना सुखाने वाढू द्यावे! त्यामागील विचार मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे. प्रत्येक किड्यास आईकडून व बापाकडून असा गुणांचा दुहेरी वारसा मिळतो. विष पचविण्याचा हा गुण बहुधा दोन्हीकडून मिळाला तरच पुरता प्रभावी होतो. कडेच्या ओळींत वाढलेले पतंग साधे असतात व संख्येने पुष्कळ असतात. मुख्य पिकातून जगून निघालेल्या एखाद्या पतंगाची जोडी त्यांच्यापैकीच कोणाशी तरी जमते, आणि पिल्लांस तो गुण एकाच बाजूने मिळतो. अशी पिल्ले बीटी कपाशी खाऊन मरतात. कडेचे थोडे पीक अळीला देऊन आतले सारे पीक राखावयाचे, असा हा सौदा होता.

त्यासाठी बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. पुष्कळ ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही. चार-पाच एकरांचा धनी आपल्या जमिनीचा तुकडा किड्याच्या हवाली करण्यास सहजासहजी धजत नाही. आणि शेजाऱ्याने पेरले नाही तर आपणच का पेरावे, असेही त्याच्या मनात येते. या शेतकऱ्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. पुडी हाती देणे सोपे होते. ती कशासाठी आहे हे त्याच्या ओसरीवर बसून त्याला पटेल असे सांगणे अवघड होते, आणि ते काम अपुरेच राहिले. पुढे साधे बी मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, ती याच अनुभवामुळे.

जे भय होते ते खरे ठरले. २०१० साली गुजरातेत पहिल्या प्रथिनास न जुमानणारी अळी आढळल्याचे जाहीर झाले. काही वर्षांत दुसरेही प्रथिन निष्प्रभ ठरू लागले. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीवर शेंदरी बोंडअळीचा मोठा घाला पडला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषधे फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांतील मजुरांचे तर स्वतःचे पीकही नव्हते. ते दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेऊन गेले होते.

हीच अळी अमेरिकेच्या अॅरिझोना प्रांतातही होती. तेथील शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचा नियम पुष्कळसा पाळला. पुढे सर्वांनी मिळून मोहीम काढली, आणि प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले पतंग विमानांतून शेतांवर सोडण्यात आले. सरहद्दीपलीकडील मेक्सिकोतही हेच काम चालले होते, कारण पतंगाला देशाची सीमाही कळत नाही. २०१८ साली अमेरिकेतील कापूस पिकविणारा मुलूख या अळीपासून मुक्त झाल्याचे तेथील सरकारने घोषित केले. अर्थात तेथे शेते मोठी आणि मालक थोडे. नेरच्या शिवारात तेवढ्याच जमिनीसाठी कित्येक घरांचे एकमत व्हावे लागते.

आणि येथे उपाय आहेत ते सारे असे एकमत मागणारेच आहेत. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हंगाम संपला की ती बोंडांत, सरकीत वा मातीत निपचित पडून राहते व पुढच्या पिकाची वाट पाहते. डिसेंबरनंतर पाणी देऊन तीच कपाशी पुढे चालविली, म्हणजे फरदड घेतली, तर अळीला उपवास घडत नाही. म्हणून पीक वेळेवर काढावे, पऱ्हाट्यांचे ढीग शेताकाठी ठेवू नयेत आणि पुढची पेरणी फार लवकर करू नये, असे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. दहा शेतांपैकी नवांनी हे केले आणि दहाव्यात फरदड उभी राहिली, तर त्या एका शेतातून निघालेले पतंग नऊ शेतांना पुरतात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला फरदडीतून चार पैसे अधिक मिळतात, हेही तितकेच खरे. ते पैसे त्याने सोडावेत म्हणून शेजाऱ्यांनाच त्याच्या ओसरीवर जाऊन बोलावे लागते.

पिकात पाती धरू लागली म्हणजे शेतकरी काठ्यांना कामगंध सापळे टांगतात. मादीच्या गंधासारखा गंध लावलेली एक गोळी त्यात असते व नर पतंग त्या वासाने येऊन अडकतात. सकाळी सापळा उघडून पतंग मोजावयाचे असतात. लागोपाठ तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर अळीने धोक्याची पातळी ओलांडली असे समजून उपाय योजावा लागतो. मोजणीचे हे काम तुमच्या वयाची मुलेही करू शकतील. आकडे वहीत लिहून धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यालाही ते कळवावे लागतात. कारण सापळ्यातले पतंग कोणत्या शेतातून आले, हे पतंगांकडे पाहून सांगता येत नाही.