चोवीस फेऱ्यांची तबकडी

जुन्या तबकड्यांचा नाद लागलेल्या माणसाच्या डोक्यात ७८ हा आकडा पक्का बसलेला असतो. मिनिटाला ७८ फेऱ्या, एका बाजूला जेमतेम साडेतीन-चार मिनिटं. बालगंधर्वांचं पद असो की एखाद्या खाँसाहेबांचा ख्याल, सगळं तेवढ्यात बसवायचं. त्यामुळे मिनिटाला फक्त २४ फेऱ्या घेणारी आणि एका बाजूला २५ मिनिटं चालणारी तबकडी इंग्लंडमध्ये १९३५ सालीच निघाली होती, असं वाचलं तेव्हा आधी छपाईची चूक वाटली. एलपी बाजारात यायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती. शिवाय या तबकडीवर गाणं नव्हतंच. पहिल्या तबकड्यांवर होती अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेली. एक कादंबरी म्हणजे दहाएक तबकड्यांचा गठ्ठा. त्या दुकानात विकत मिळत नसत, कारण त्या फक्त अंधांसाठी होत्या. त्यांच्यामागे जी संस्था होती ती उभी राहिली होती पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी, आणि लोकांच्या देणग्यांवर. ‘सेंट डन्स्टन्स’ तिचं नाव.

तबकडीवरून मी संस्थेकडे गेलो आणि संस्थेवरून एका वर्तमानपत्रवाल्याकडे. तो भेटला आणि तबकडी काही काळ बाजूलाच राहिली.

आर्थर पिअर्सन. जन्म १८६६. ‘टिट-बिट्स’ या साप्ताहिकानं एक प्रश्नस्पर्धा लावली होती. बक्षीस होतं मालकाच्या कचेरीत कारकुनाची नोकरी, वर्षाला शंभर पौंड. उत्तरं शोधण्यासाठी हा पोरगा बेडफर्डच्या ग्रंथालयापर्यंत सायकल हाणत जायचा. नोकरी जिंकली, आणि काही वर्षांत मालकाची सगळी विद्या आत्मसात करून १८९० मध्ये त्यानं स्वतःचं ‘पिअर्सन्स वीकली’ काढलं. त्यातली गाळलेला शब्द ओळखा ही स्पर्धा इतकी चालली की अखेर जुगाराच्या कायद्याखाली ती बंद करावी लागली. १९०० मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ काढला आणि पहिल्या पानावर जाहिरातींऐवजी बातम्या छापल्या. तेव्हाच्या लंडनमध्ये हे धाडसच होतं. बेडन-पॉवेलचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ही त्याच्याच प्रकाशनसंस्थेनं काढलं.

देणगी मागण्यातही त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८९२ मध्ये त्यानं लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना एक दिवस मोकळ्या हवेत नेण्यासाठी निधी उभारला. मागणी साधी होती: नऊ पेन्समध्ये एका मुलाचा एक दिवस. ‘यथाशक्ती मदत करा’ म्हटलं की माणूस पुढचं पान उलटतो. नऊ पेन्स म्हटलं की खिसा चाचपतो. दयेला किमतीची चिठ्ठी लावणारा हा माणूस होता.

मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तो पूर्ण आंधळा झाला होता. वर्तमानपत्रांतून अंग काढून तो ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत शिरला आणि बघता बघता अध्यक्ष झाला. आठ वर्षांत त्यानं तिचं उत्पन्न ५,२०० पौंडांवरून ३,६०,००० पौंडांवर नेलं.

फ्रान्सच्या आघाडीवरून डोळे गमावलेले जवान येऊ लागले तेव्हा, १९१५ च्या आरंभी, त्यानं त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं. थोड्याच दिवसांत ते रीजंट्स पार्कमधल्या एका प्रशस्त बंगल्यात गेलं. ऑटो कान या अमेरिकी बँकरनं तो वापरायला दिला होता. बंगल्याचं नाव सेंट डन्स्टन्स, कारण फ्लीट स्ट्रीटवरच्या त्याच नावाच्या चर्चचं जुनं घड्याळ एका उमरावानं विकत घेऊन तिथं बसवलं होतं. वर्तमानपत्रांच्या गल्लीतलं घड्याळ आणि त्याखाली वर्तमानपत्रवाल्यानं उभारलेली संस्था!

आतली व्यवस्था बघण्यासारखी होती. जमिनीवर सतरंजीच्या पट्ट्या टाकलेल्या. पायाला पट्टी लागत राहिली की वाट चुकत नाही. आलेल्या प्रत्येकाला आधी एक घड्याळ मिळायचं. वरची काच उघडते, काटे जरा जाड, आकड्यांच्या जागी उठावाचे ठिपके. बोट फिरवलं की वेळ कळते. किती वाजले हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही, हा पहिला धडा. मग ब्रेल, मग टंकलेखन. टंकलेखनाची परीक्षा पास झाली की यंत्र त्याच्या मालकीचं. पुढे मालिश, टेलिफोनची नोकरी, जोड्यांची दुरुस्ती, टोपल्या विणणं, कोंबड्या पाळणं. हाताच्या स्पर्शानं कोंबडीची जात ओळखायला तिथं शिकवत. युद्ध संपेपर्यंत शेकडो जवान या घरात येऊन शिकले होते. दया दाखवणाऱ्याला आत मज्जाव होता. पिअर्सनचा कटाक्षच होता तो.

पण पैसा यायचा तो दयेवरच, आणि पिअर्सनला हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. आत मर्दानी स्वावलंबन आणि बाहेर हळवी जाहिरात, ही कसरत त्यानं अखेरपर्यंत केली. मला त्यात ढोंग दिसत नाही. पण त्याचा हिशेब दुसऱ्या कोणालातरी चुकवावा लागला.

गिरणीत, खाणीत किंवा जन्मतःच डोळे गेलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी ना पेन्शन होतं, ना रीजंट्स पार्कचा बंगला. १८९९ पासून त्यांची स्वतःची कामगार संघटना होती, ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’. एप्रिल १९२० मध्ये तिचे अडीचशेच्या आसपास अंध सभासद मँचेस्टर, लीड्स आणि न्यूपोर्टहून पायी लंडनला निघाले. फलकावर मागणी होती: न्याय हवा, धर्मादाय नको. ट्रफाल्गर चौकात सभा झाली, पंतप्रधान लॉइड जॉर्ज भेटले, आणि त्याच वर्षी अंधांसाठी कायदा झाला. लीगची चीड सरकारवर होती तशीच देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांवरही. अंधांच्या नावानं जमलेला पैसा कुठं जायचा ते डोळस विश्वस्त ठरवणार, हे त्यांना मान्य नव्हतं. या भांडणात माझं मत लीगच्या बाजूनं पडतं. पण पिअर्सन स्वतः अंध होता, त्यामुळे डाव दिसतो तितका सरळ नाही.

दुसरं भांडण यंत्राचं. एडमंड फोर्निये द’आल्ब हा पदार्थवैज्ञानिक, मधल्या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात शिकवून आलेला. त्यानं सेलेनियम या मूलद्रव्यावर एक यंत्र बसवलं, ऑप्टोफोन. सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज वाहणं सोपं होतं; त्या फरकाचं यंत्र आवाजात रूपांतर करायचं. छापील ओळीवरून प्रकाशाचे ठिपके सरकत आणि प्रत्येक अक्षराची एक छोटी सुरावट कानात वाजे. इंग्रजी ‘व्ही’ म्हणजे सूर खाली उतरायचा आणि पुन्हा वर चढायचा. कोणतंही पुस्तक ब्रेलमध्ये न उतरवता वाचता येईल, असं स्वप्न! ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीनं ते सुधारून बांधलं. मेरी जेमसन या अंध मुलीनं त्यावर ट्रोलपची अख्खी कादंबरी वाचली. मोठ्या तालमीनंतर तिचा वेग मिनिटाला साठ शब्दांपर्यंत गेला. बाकीच्यांची गाडी त्याच्या फार मागे राहिली.

पिअर्सनच्या संस्थेनं ते यंत्र उचललं नाही. द’आल्बनं १९२४ मध्ये सेलेनियमवर ‘द मून-एलिमेंट’ नावाचं पुस्तक लिहिलं. विज्ञानाच्या पुस्तकात हा माणूस मध्येच वकिलासारखा उभा राहतो आणि आपल्या यंत्राचा खटला चालवतो. वाचताना सहानुभूती वाटते, पण त्याचं दुखणं दुसरीकडेच होतं. यंत्र कल्पक होतं. वाचणाऱ्याला मात्र ते सतारीसारखा रियाज करायला लावत होतं. लढाईतून परतलेल्या, हाताला काम शोधणाऱ्या तिशीतल्या माणसाकडे तेवढी सवड नव्हती. इथं पिअर्सनची संस्था बरोबर होती, असं मला वाटतं.

डिसेंबर १९२१ मध्ये पिअर्सन न्हाणीघरात पाय घसरून पडला, डोक्याला मार लागला आणि टबातल्या पाण्यात बुडून गेला. वय ५५. त्याच्या जागी आलेला इयन फ्रेझर २४ वर्षांचा होता. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत गोळीनं त्याचे डोळे गेले होते. तो रेडिओचा शौकीन, पुढे ब्रिटनच्या रेडिओ सोसायटीचा अध्यक्ष. त्यानं एक गैरसोयीचं सत्य ओळखलं: बऱ्याच जवानांना ब्रेल जमतच नाही. बोटं राबून राठ झालेली, काहींचे हातही जखमी. ब्रेल हा संस्थेचा अभिमान होता.  तरी फ्रेझर वर्षानुवर्षं तबकड्यांवर प्रयोग करत राहिला. गाण्याला ७८ फेऱ्या लागतात, बोलण्याला इतक्या लागत नाहीत. फेऱ्या कमी केल्या आणि खाचा दाट घेतल्या की वेळ वाढते. त्यातून ती २४ फेऱ्यांची तबकडी आली. बोटांना ताण नाही, कानांना तालीम नाही; सुई ठेवायची आणि ऐकायचं.

द’आल्बचं यंत्रही अगदीच वाया गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी हॅस्किन्स प्रयोगशाळेत वाचनयंत्राचं काम सुरू झालं. सुरावटींनी भागत नाही, यंत्रानं बोललंच पाहिजे, हे तिथं कळलं आणि बोलणारी यंत्रं घडवण्याच्या विद्येला जोर मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. सेंट डन्स्टन्समध्ये तयार झालेला एक न्यूझीलंडचा जवान, क्लूथा मॅकेन्झी, १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या चुनुक बैर टेकडीवर अंध झालेला. दुसऱ्या महायुद्धात तो हिंदुस्थानात आला आणि डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी देहरादूनला सेंट डन्स्टन्सचं वसतिगृह उभारलं गेलं. हे जवान वेगवेगळ्या भाषांचे. इथं तर नीलकंठराय ब्रेल, शिरेफ ब्रेल, ओरिएंटल ब्रेल असा सावळागोंधळ होता; एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेत वाचता येत नसे. सगळ्या भाषांना एकच ब्रेल असावं म्हणून झटणाऱ्यांत मॅकेन्झी पुढे होता. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं. आज मराठीतला ‘क’ ज्या दोन ठिपक्यांनी लिहितात, तेच हिंदीत, तेच तमिळमध्ये, आणि इंग्रजीतल्या ‘के’चेही तेच. वेलांटीही डावीकडे न जाता अक्षरामागून येते. वसतिगृहाचं पुढे केंद्र सरकारचं प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र झालं आणि त्यातूनच आजची राष्ट्रीय संस्था वाढली.

सैनिकांसाठी देणगी मागण्याचा दिवसही आपल्याकडे आहे: दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासूनची प्रथा. जिल्ह्याला इष्टांक ठरतो, कार्यालयांतून पावत्या फिरतात, शाळेतल्या मुलांच्या हाती चिमुकले झेंडे येतात आणि आपण काही तरी देऊन सुटतो. पैसा कशासाठी, हे ना मागणारा सांगत, ना देणारा विचारत. पिअर्सननं असा निधी एक दिवस चालू दिला नसता. ध्वजदिन निधीतून ज्या संस्थांना मदत जात आली आहे, त्यांत कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचं आपल्या खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे आणि देहरादूनची सेंट डन्स्टन्स आफ्टरकेअरही. अपंग माजी सैनिकाला बदल करून घेतलेली स्कूटर देण्याची योजनाही त्यातलीच. यंदा पावती समोर आली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फोन करा आणि विचारा: व्हीलचेअरच्या गादीला किती लागतात, एका स्कूटरला किती लागतात? उत्तर मिळालं, तर तेवढेच द्या.