शेवंड उलटी करून पाहा
कोल्हापूरला समुद्र नाही. पण गगनबावडा नि फोंडा घाट चढून मालवण-देवगडची मासळी इथे येते आणि तिच्यात कधी शेवंडही असते. घेण्यापूर्वी ती उलटी करून शेपटीखाली पाहावे. तिथे नारिंगी किंवा तपकिरी बारीक दाण्यांचा घोस चिकटलेला असेल, तर ती अंड्यांवरची मादी. एका घोसात लाखांच्या घरात अंडी असू शकतात.

त्यातून निघणारे पिल्लू शेवंडीसारखे मुळीच दिसत नाही. ते पानासारखे चपटे आणि पारदर्शक असते. कित्येक महिने ते प्रवाहांबरोबर वाहत राहते, मगच तळ गाठते. वाचतात फारच थोडी. पुढची वाढ कात टाकत होते. नवे कवच घट्ट होईपर्यंत मऊ अंगाने कपारीत दडून राहावे लागते. खेकड्यासारख्या मोठ्या नांग्या शेवंडीला नसतात, बचावाला काटेरी लांब मिशाच.

उपसा बेसुमार झाला की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. तिथल्या ट्रॉलरना भरपूर मिळणाऱ्या चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ पर्यंत कोसळली. २००३ मध्ये केंद्राने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: चपटीला १५० ग्रॅम, मुंबईकडच्या चिखलातल्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम. ही अट निर्यातीच्या मालाला आहे, आपल्या बाजारातल्या पाटीला नाही. म्हणून अंड्यांवरची मादी मी घेत नाही आणि विकणाऱ्या मावशींना कारणही सांगतो.