'मंडळी' ही संज्ञा व ख्रिस्ती उपासक-समुदायाचे प्रयोजन

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यात एखाद्या घरी 'मंडळी जमली' असे कोणी म्हटले, तर पाहुणे आले असावेत, भजनाची बैठक असावी किंवा लग्नाची बोलणी असावीत, यांपैकी काहीही ऐकणारास वाटू शकते. हेच वाक्य प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी ख्रिस्ती कुटुंबात उच्चारले गेले म्हणजे त्यास निश्चित पारिभाषिक अर्थ येतो : उपासनेसाठी एकत्र येणारा श्रद्धावंतांचा समुदाय. हा समुदाय मुळात कशासाठी असतो, या प्रश्नाचा विचार त्याच्या नावापासून आरंभिल्यास पुष्कळसा उलगडा होतो.

मराठी बायबलात 'मंडळी' हा शब्द ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी योजिला आहे. 'बाहेर' आणि 'बोलावणे' या अर्थांच्या घटकांपासून तो शब्द बनलेला असल्यामुळे 'जगातून बाहेर बोलाविलेले लोक' असा त्याचा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. परंतु व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. प्रत्यक्ष वापरात एक्लेसिया म्हणजे केवळ सभा. अथेन्समधील नागरिकांची सभाही एक्लेसियाच होती. याच शब्दापासून पोर्तुगीजमार्गे आलेला 'इगर्ज' गोव्यात वास्तूचे नाव झाला. इंग्रजीतून आलेला 'चर्च' हा शब्द मात्र 'प्रभूचे' या अर्थाच्या निराळ्या ग्रीक शब्दाकडे जातो. कॅथलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' ही संज्ञा रूढ आहे. 'मंडळी' आणि 'ख्रिस्तसभा' या दोन्ही शब्दांनी वास्तूस नव्हे, तर माणसांस नाव दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सामान्य मराठीत समूहवाचक असलेल्या 'मंडळी'चे 'मंडळ्या' असे अनेकवचन सहसा होत नाही. बायबलच्या भाषेत ते होते. कारण तेथे प्रत्येक गावची मंडळी हे एक स्वतंत्र, मोजता येणारे एकक ठरते.

तथापि एकत्र येणे हे काही प्रयोजन नव्हे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात उसळलेल्या जमावाचे वर्णन आहे. त्या जमावासही मूळ ग्रीकमध्ये एक्लेसियाच म्हटले असून, आपण कशासाठी जमलो हे त्यातील बहुतेकांस ठाऊक नव्हते, असे लेखक नमूद करतो. हा जमाव आणि करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी यांत शब्दाचा भेद नाही; भेद आहे तो षष्ठीचा. पौलाने करिंथकरांस 'देवाची मंडळी' म्हणून संबोधिले. 'घरची मंडळी' या प्रयोगात विशेषण जसे संबंध दाखविते, आणि 'नाटक मंडळी' या प्रयोगात पूर्वपद जसे कार्य दाखविते, तसे 'देवाची' हे पद संबंध आणि कार्य ही दोन्ही एकदम सांगते.

ते कार्य कोणते? त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आरंभीच्या समुदायाच्या चार नित्य गोष्टी सांगितल्या आहेत : प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. सन १५३० च्या आउग्सबुर्ग येथील ल्यूथरपंथीय मतपत्रिकेने, जेथे सुवार्ता शुद्ध स्वरूपात शिकविली जाते आणि संस्कार यथायोग्य दिले जातात ती मंडळी, असे लक्षण केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेस ख्रिस्तसभेच्या सर्व कार्याचे शिखर आणि उगम मानले. परंपरा भिन्न असूनही रोख एकाच दिशेला आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाची ओळख शाळा, रुग्णालये, वसतिगृहे व दुष्काळातील साहाय्य यांमुळे झाली. तेव्हा सेवा हेच केंद्र का मानू नये? येथे व्याकरणातील एक कसोटी उपयोगी पडते. वाक्यातील एखादे पद गाळून वाक्य टिकते की नाही हे पाहिले म्हणजे त्या पदाचे स्थान कळते. शाळा शासनाकडे किंवा अन्य न्यासाकडे गेली, तरी मंडळी उरते. उलट सामुदायिक उपासना थांबली, तर शाळा व वास्तू उभ्या राहूनही मंडळी उरत नाही. यावरून केंद्र उपासनेचे ठरते.

परंतु ही कसोटी येथेच सोडल्यास निष्कर्ष अर्धवट राहील. करिंथ येथे उपासना बंद पडली नव्हती. तेथे सधन लोक आधी जेवून घेत आणि निर्धन उपाशी राहत. अशा जेवणास प्रभुभोजन म्हणताच येत नाही, असे पौलाने त्यांस बजाविले. म्हणजे विधी यथासांग असूनही शेजारी बसलेला माणूस वगळला गेला, तर उपासनाच लोपते. सेवा हे उपासनेला जोडलेले परिशिष्ट नव्हे. उपासना खरी आहे की नाही याची ती खूण होय. जातिभेदाने पंक्ती विभागलेल्या मराठी समाजात एका पात्रातून घेण्याच्या या संस्काराला किती वजन होते, आणि तो पाळणे किती अवघड होते, हे निराळे सांगावयास नको.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नौरोजी या पारशी समाजातून आलेल्या धर्मोपदेशकांनी कार्य केले. ही अँग्लिकन परंपरा. तीत बिशपाची देखरेख व छापील प्रार्थनाग्रंथ यांना महत्त्व. शेजारच्या अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते. त्याच्या काँग्रिगेशनल परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा या दोन्ही परंपरा एका छत्राखाली आल्या. बालकांचा आणि प्रौढांचा, अशा बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती तेथे मान्य झाल्या. कारभाराची आणि विधीची रूपे बदलता येतात, प्रयोजन मात्र समाईक असते, हे गृहीत धरल्यावाचून असे ऐक्य शक्य झाले नसते. ऐक्य, साक्ष व सेवा हे त्या संस्थेचे ब्रीद याच क्रमाने वाचले जाते.

कॅथलिकांचा 'मिस्सा' हा शब्द या विवेचनास पूर्णता देतो. लॅटिन उपासनेच्या अखेरीस लोकांस निरोप देताना जे वाक्य उच्चारिले जाई, त्यातील 'पाठवणी' या अर्थाच्या पदावरून संपूर्ण उपासनेस हे नाव मिळाले. 'मंडळी' हा शब्द जमण्याचा, 'मिस्सा' हा निघण्याचा. जमावयाचे ते देवासमोर, आणि निघावयाचे ते माणसांकडे. यांतील एक क्रिया गळाली की इफिसच्या नाट्यगृहातील जमाव आणि देवाची मंडळी यांतील अंतर उरत नाही.