इंजिन ठोकू लागले तर...

सहकुटुंब सहलीला निघालेली गाडी घाटाला लागते. मागे मुले, डिकीत सामान, एसी सुरू. चढ आला तरी गियर चौथाच, आणि ॲक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून 'किट् किट् किट्' असा आवाज येऊ लागतो. जणू पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवत आहे. गियर खाली घेतला की आवाज बंद! परतल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि निकाल मिळतो, "साहेब, नॉक सेन्सर गेलाय. बदलावा लागेल."

पैसे मोजण्यापूर्वी हा आवाज कशाचा ते समजून घ्या.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्वाला मिश्रणात क्रमाने पसरत जाते. पण उष्णता आणि दाब प्रमाणाबाहेर वाढले, तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण एकदम पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती थरथरतात. यालाच नॉकिंग म्हणतात. क्षणभर झाले तर बिघडत नाही. रोज जोरात होत राहिले तर पिस्टन आणि हेड गॅस्केट यांवर संकट येते.

हा त्रास मोटारीइतकाच जुना. १९२१ साली थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून तो थांबवला, पण ते शिसे हवेत मिसळत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मेकॅनिक इंजिनाला कान लावून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा आणि ठिणगीची वेळ जुळवायचा. आता ते काम संगणक करतो आणि त्याचा कान म्हणजे नॉक सेन्सर.

इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेल्या या छोट्या वस्तूत एक खास स्फटिक असतो. थरथर जाणवली की त्यात वीज निर्माण होते. नॉकिंगची कंपने सेकंदाला साधारण सहा-सात हजार असतात. ती ओळखताच संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो.

गंमत पुढेच आहे. सेन्सर किंवा त्याची वायर निकामी झाली, तर बहुतेक गाड्यांत संगणक खबरदारी म्हणून ठिणगी आपणहून मागे घेतो. म्हणजे सेन्सर गेलेली गाडी सहसा ठोकत नाही; ती मरगळते, ओढ कमी होते, मायलेज घटते, 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. तेव्हा गाडी ठोकत असेल आणि दिवा लागलेला नसेल, तर सेन्सरवर संशय घेण्याची घाई कशाला? दोष बहुधा दुसरीकडे असतो: हलक्या प्रतीचे किंवा भेसळीचे पेट्रोल, कमी झालेले कूलंट, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, चुकीच्या जातीचे स्पार्क प्लग, नाही तर कुठून तरी आत शिरणारी जादा हवा. उंच गियरमध्ये इंजिनाला फरफटत नेण्याची सवय तर फारच सर्रास आढळते. आधी पंप बदलून पाहावा, इंजिन थंड असताना कूलंट तपासावे. या दोन गोष्टींना मेकॅनिक लागत नाही.

स्कॅनरने 'पी ०३२५' हा कोड दाखवला, तरी त्याचा अर्थ 'सेन्सर बदला' असा नव्हे. सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. कनेक्टरला गंज लागला असेल, वायर उंदरांनी कुरतडली असेल. (पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांचे बिऱ्हाड थाटलेले असते, हे गाडीवाल्यांना सांगायला नकोच!) म्हणून आधी वायर तपासून, कोड पुसून, तो पुन्हा येतो का ते पाहायला सांगा. जाणता मेकॅनिक आणखी एक करतो: इंजिन चालू ठेवून सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्याने हलकेच टकटक करतो आणि स्कॅनरवर ठिणगीची वेळ मागे सरकते का पाहतो. बऱ्याच गाड्यांत ती सरकली, तर सेन्सर जिवंत आहे. उलट, एखादी सैल पट्टी खडखडत असेल तर सेन्सर तिलाच नॉकिंग समजतो. अशा वेळी नवा सेन्सरही तसाच फसणार.

एक आवाज मात्र वेगळा ओळखावा. तो जड, खोल 'ठक् ठक्' असा असतो, गाडी उभी असतानाही येतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. सोबत ऑईलचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच बंद करून टोइंगची गाडी बोलवावी.

सेन्सर खरोखरच बदलायचा ठरला, तर बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा. अनेक गाड्यांत हे माप सुमारे २० न्यूटन-मीटर असते. नेमके आकडे त्या मॉडेलच्या पुस्तकात मिळतात. सैल किंवा अति आवळलेला सेन्सर नीट ऐकत नाही. आणि काढलेला जुना भाग मागून घ्यायला संकोचू नका.